फ्रेडवर न्यू जर्सीचा घाऊक रोजगार : सहा वर्षांच्या वापरानंतरचं मत

न्यू जर्सी टर्नपाइकच्या ८-ए एक्झिटवर उतरलं की गोदामांमागून गोदामं लागतात. त्यातल्याच एकात माझं ऑफिस आहे. आमची कंपनी कागद आणि पॅकेजिंगचा माल घाऊकीत विकते आणि मनुष्यबळाचं नियोजन माझ्याकडे आहे. पुढच्या तिमाहीत किती माणसं लागतील, किती जण सोडून जातील, जाहिरात दिली तर आठवड्यात माणूस मिळेल की दोन महिने जागा रिकामी राहील, हे माझे रोजचे प्रश्न. त्यासाठी राज्याच्या घाऊक व्यापारात रोजगार वाढतोय की आटतोय याकडे सतत डोळा ठेवावा लागतो. गेली सहा वर्षं हे काम मी फ्रेडवर करते आहे. याच धंद्यातले ओळखीचे लोक विचारतात की यावर विसंबावं का. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ओळख थोडक्यात. फ्रेड हे सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग चालवत असलेलं आकडेवारीचं भांडार आहे. १९९१ मध्ये मोडेमने डायल करून बघायचा बुलेटिन बोर्ड म्हणून ते सुरू झालं. आज त्यात आठ लाखांच्या वर मालिका, म्हणजे काळानुसार मांडलेल्या आकड्यांच्या रांगा, आहेत. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, खातं न उघडताही सगळं बघता येतं. खातं उघडलं तर आपले ग्राफ साठवता येतात आणि नवा आकडा आला की मेल येतो. रोजगाराचे आकडे मात्र फ्रेड गोळा करत नाही. ते अमेरिकन सरकारच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचे, म्हणजे बीएलएसचे, असतात आणि फ्रेड ते मांडून देतं. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण पुढे जे गुण आणि अडचणी सांगणार आहे त्यातल्या काही फ्रेडच्या आहेत आणि काही मुळातल्या मोजणीच्या.

पहिली अडचण फ्रेडचीच. शोधायला गेलं की एका नावाच्या चार-पाच मालिका समोर येतात. न्यू जर्सी आणि घाऊक व्यापार एवढं टाकलं तर राज्याची मालिका येते, महानगरांच्या येतात, टिकाऊ मालाची वेगळी, नाशवंत आणि वापरून संपणाऱ्या मालाची वेगळी. नवखा माणूस पहिल्या ओळीवर क्लिक करून मोकळा होतो आणि सहा महिने भलताच ग्राफ बघत बसतो. म्हणून मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आधी बीएलएसचा कोड वाचायला शिकवते. एसएमयू ३४ ००००० ४१०००००० ०१. सुरुवातीचं एसएम म्हणजे राज्य आणि महानगरांची पाहणी. पुढचं यू म्हणजे हंगामी फरक न काढलेला कच्चा आकडा. तिथे एस असेल तर फरक काढलेला. ३४ म्हणजे न्यू जर्सी. पुढची पाच शून्यं म्हणजे अख्खं राज्य, कुठलंही एक महानगर नाही. ४१ म्हणजे घाऊक व्यापार, आणि शेवटचं ०१ म्हणजे एकूण कर्मचारी. हा कोड एकदा डोळ्यात बसला की चुकीच्या मालिकेवर बोट पडत नाही. टेक्सससाठी ३४ च्या जागी ४८, इलिनॉयसाठी १७, बाकी सगळं तेच.

मालिका १९९० च्या जानेवारीपासून सुरू होते आणि एकक हजारांत असतं. ग्राफवर २००.५ दिसलं तर ती दोन लाख पाचशे माणसं. मागच्या महिन्यापेक्षा ०.३ ने कमी, म्हणजे तीनशे माणसं. दोन लाखांच्या वर रोजगार असलेल्या क्षेत्रात तीनशेची हालचाल जवळजवळ काहीच नसते, पण ग्राफवर ती कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते, कारण उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. माझ्या हाताखाली नवीन लागलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात धावत येऊन सांगितलं, ‘ताई, घाऊक व्यापार बसला!’ मी त्याला एकक वाचायला लावलं, मग ग्राफ संपादनाच्या चौकटीत जाऊन ‘गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत टक्केवारी’ हा पर्याय निवडायला सांगितला. रेषा जवळजवळ सपाट झाली. फ्रेडने सुरुवातीलाच हा पर्याय समोर ठेवला तर किती तरी जणांची घाबरगुंडी टळेल.

तो नंतर म्हणाला, ‘आणि ह्या राखाडी पट्ट्या कसल्या?’ त्या मंदीच्या. नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च मंदीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे महिने ठरवतो, त्यानुसार फ्रेड त्या पट्ट्या टाकतं. पण त्या देशाच्या मंदीच्या असतात, राज्याच्या नव्हेत. न्यू जर्सीतला रोजगार त्या पट्टीच्या आधी घसरू शकतो आणि पट्टी संपल्यावरही बराच काळ सावरत नाही, हे २००८ नंतरचा भाग बघितला की कळतं.

आता हा आकडा येतो कुठून ते सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं बोलणं पोकळ आहे. दर महिन्याला बीएलएस देशभरातल्या साधारण सव्वा लाख व्यवसायांना आणि सरकारी कार्यालयांना विचारतं, की महिन्याची बारा तारीख ज्या पगाराच्या काळात येते त्या काळात तुमच्या पेरोलवर किती माणसं होती. एक तास काम केलेलाही त्यात येतो आणि साठ तास केलेलाही. दोन ठिकाणी काम करणारा दोनदा मोजला जातो. स्वतःचा धंदा करणारा, कंपनी म्हणून नोंद नसलेला, अजिबात मोजला जात नाही. आणि माणूस राहतो कुठे हे न बघता काम करतो कुठे हे बघतात. त्यामुळे आमच्याकडे पेनसिल्व्हेनियातून गाडी चालवत येणारे न्यू जर्सीत धरले जातात. उलट, एखाद्या घाऊक व्यापाऱ्याने गोदाम डेलावेअर नदीपलीकडे लीहाय खोऱ्यात हलवलं, तर माणसं तीच, घरं तीच, तरी न्यू जर्सीचा आकडा खाली आणि पेनसिल्व्हेनियाचा वर. आमच्या भागातल्या जागेच्या भाड्यांनी कंटाळून असं हलणारे मी पाहिले आहेत.

नमुन्यात आलेल्या कंपन्या सव्वा लाख ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यातल्या एका राज्यातल्या, आणि पुन्हा त्यातल्या फक्त घाऊक व्यापारातल्या किती उरतात याचा विचार करा. शिवाय महासाथीनंतर उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण घटलं आहे. म्हणून महिन्याचा आकडा हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. खरी मोजदाद वेगळीकडे होते. आम्ही मालक मंडळी दर तिमाहीला बेरोजगारी विम्यासाठी राज्याकडे अहवाल भरतो. न्यू जर्सीत एनजे-९२७ आणि डब्ल्यूआर-३० हे ते अर्ज. देशभरातल्या अशा अहवालांवरून क्यूसीईडब्ल्यू नावाची तिमाही मोजणी तयार होते. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या येतात, पण ती यायला पाच-सहा महिने लागतात. वर्षातून एकदा बीएलएस आपले मासिक अंदाज या मोजणीला जुळवून घेतं. त्याला बेंचमार्क म्हणतात. राज्यांचे दुरुस्त आकडे साधारण मार्चमध्ये, जानेवारीच्या आकड्याबरोबर येतात आणि मागचे कित्येक महिने एका दिवसात बदलतात.

हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. फ्रेड वापरायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. फेब्रुवारीत आमची वार्षिक बैठक होती. मी डिसेंबरपर्यंतची रेषा दाखवली, पाच महिने सलग उतरती. राज्यातला घाऊक रोजगार आटतोय, मागणी मऊ पडते आहे, आपणही हात आखडता घ्यावा, असं मी आत्मविश्वासाने सांगितलं. दोन जागा गोठवल्या गेल्या : मालसाठ्याचा हिशेब ठेवणारा एक कारकून आणि डॉकचा, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याचा, रात्रपाळीचा एक प्रमुख. मार्चमध्ये बेंचमार्क आला आणि ती उतरती रेषा जवळजवळ आडवी झाली. घसरण झालीच नव्हती; नमुन्यात तशी दिसत होती. एप्रिलपासून ऑर्डरी वाढल्या, रात्रीच्या डॉकवर कोणी प्रमुख नाही, म्हणून दिवसपाळीच्या लोकांना शनिवारी बोलवायला लागलो. अकरा वर्षं आमच्याकडे असलेला एक फोर्कलिफ्ट चालवणारा त्या शनिवारांमुळेच सोडून गेला. त्याचा निरोप घेताना मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. आकडा अंदाज होता, त्याला निकाल मीच केला.

त्यानंतर मी दोन गोष्टी शिकले. एक, ऑगस्ट ते डिसेंबरच्या राज्यपातळीवरच्या आकड्यांवर मार्चच्या आधी कोणताही मोठा निर्णय उभा करायचा नाही. दोन, आल्फ्रेड. फ्रेडचंच हे जुळं भांडार आहे, जुन्या आवृत्त्या जपणारं. आज ग्राफवर एखाद्या जुन्या सप्टेंबरचा जो आकडा दिसतो तो आजचा. पण त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जो पहिल्यांदा जाहीर झाला होता तो कोणता, हे आल्फ्रेडवर बघता येतं. दोन आवृत्त्या एकमेकींवर ठेवल्या की कुठल्या वर्षी किती दुरुस्ती झाली ते उघड दिसतं. माझ्या मते फ्रेडच्या सगळ्या सोयींत ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी. मी घाऊक व्यापाराच्या दर मार्चच्या दुरुस्त्या अशा एकामागून एक तपासल्या, तेव्हा कुठे मला कळलं की या मालिकेत किती हालचालीला हालचाल म्हणायचं.

राष्ट्रीय पातळीवरही हे घडतं आणि घाऊक व्यापाराला त्याची झळ बसते. ऑगस्ट २०२४ मध्ये बीएलएसने प्राथमिक अंदाजात देशाचा एकूण रोजगार ८,१८,००० ने जास्त धरला गेल्याचं सांगितलं. अंतिम दुरुस्ती सहा लाखांच्या आसपास आली. सप्टेंबर २०२५ मध्ये प्राथमिक दुरुस्ती ९,११,००० ची होती आणि त्यात एकट्या घाऊक व्यापाराचा वाटा १ लाख १० हजारांचा. देशभर या क्षेत्रात साधारण साठ लाख माणसं आहेत हे लक्षात घेतलं तर ही दुरुस्ती किरकोळ नाही. त्याच दुरुस्तीत वाहतूक आणि गोदामाचा आकडा किंचित वर गेला होता. दोन शेजारी क्षेत्रं, एकाच मालावर जगणारी, आणि दुरुस्ती उलट दिशांना. ते वाचल्यावर माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट आणखी ठळक झाली.

ती गोष्ट म्हणजे चौकटी. घाऊक व्यापारातल्या रोजगाराचा माग काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा डॉकवर उभं राहून माणसं मोजावीत. मी मोजली आहेत. नोव्हेंबरातला एक मंगळवार सांगते. सकाळी सातला पोर्ट एलिझाबेथहून कंटेनर आला. तो ओढून आणणारा ड्रायव्हर मालवाहतूक कंपनीचा. उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात प्रत्येक धंद्याला एक क्रमांक असतो (मालिकेच्या कोडातल्या ४१ पेक्षा हे क्रमांक वेगळे); त्यात तो ४८४ मध्ये, म्हणजे वाहतुकीत. कंटेनर रिकामा करायला चार जण भिडले, चौघेही एजन्सीचे; त्यांचा पगार मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी देते, म्हणून ते ५६१ मध्ये, म्हणजे व्यावसायिक सेवांत. पॅलेट उचलून रॅकवर चढवणारी फोर्कलिफ्टवाली बाई आमच्या पेरोलवर. ती ४२४ मध्ये, म्हणजे घाऊक व्यापारात. रॅक भरल्यावर उरलेला माल समोरच्या गोदामात गेला. ते दुसऱ्या कंपनीचं, फक्त साठवणुकीचं काम करणारं. तिथली माणसं ४९३ मध्ये, म्हणजे गोदाम व्यवसायात. हा माल ज्याने विकला तो विक्रेता कमिशनवर काम करतो, स्वतःच्या नावावर. तो या पाहणीत कुठेच नाही. आणि बिल करणारी मुलगी बसते आमच्या मुख्य कार्यालयात, जे वेगळ्या पत्त्यावर आहे. अशी कार्यालयं ५५१ मध्ये मोजली जातात. एका कंटेनरला लागलेल्या या सगळ्या हातांत घाऊक व्यापाराच्या रेषेवर आला फक्त एक माणूस.

म्हणून ही रेषा वर गेली की घाऊक धंद्यात काम वाढलं आणि खाली गेली की काम घटलं, असं सरळ म्हणता येत नाही. एजन्सीच्या दहा जणांना आम्ही कायम केलं तर राज्याचा घाऊक रोजगार दहाने वाढतो. डॉकवर हात तेवढेच. एखाद्या व्यापाऱ्याने आपलं गोदाम दुसऱ्या कंपनीला चालवायला दिलं, तर तीच माणसं त्याच फाटकातून त्याच वेळी आत येतात, फक्त घाऊक व्यापारातून पुसली जाऊन गोदाम व्यवसायात उगवतात. उत्पादकांची विक्री कार्यालयंसुद्धा कारखान्यापासून वेगळी असली तर घाऊक व्यापारातच धरतात. न्यू जर्सीत औषध कंपन्या किती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या विक्री कार्यालयात लॅपटॉप घेऊन बसलेला प्रतिनिधी आणि आमच्याकडे रात्री दोन वाजता खोके उचलणारा माणूस, दोघे या एकाच आकड्यात. विक्री प्रतिनिधी हा तर या क्षेत्रातला फार मोठा पेशा आहे. घाऊक व्यापार म्हटलं की डोळ्यांसमोर गोदाम येतं, पण या मालिकेत टेबलावर बसून विकणारेही भरपूर आहेत.

एजन्सीच्या माणसांबद्दल माझं मन थोडं जास्तच गुंततं. काम मंदावलं की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग एजन्सीला फोन करून ‘उद्यापासून आठ जण कमी पाठवा’ असं सांगितलं जातं, आणि अगदी शेवटी आमच्या पेरोलवरचा माणूस जातो. घाऊक व्यापाराच्या मालिकेला पहिल्या दोन पायऱ्या दिसतच नाहीत. ती हलते तोपर्यंत त्या आठ घरांतला पगार थांबून दोन-तीन महिने झालेले असतात. न्यू जर्सीने २०२३ मध्ये तात्पुरत्या कामगारांच्या हक्कांचा कायदा केला, त्याच कामाला कायम कर्मचाऱ्याच्या बरोबरीचा मोबदला देण्याची अट घातली, हे मला मनापासून योग्य वाटलं. निदान कायद्याने त्यांना एकाच डॉकवरची माणसं मानलं. आकडेवारीत ती अजून वेगळ्या खणात आहेत.

आणि इथेच फ्रेडचं खरं बळ दिसतं, कारण हे खण एकत्र आणून बघायची सोय तिथे पाच मिनिटांत होते. माझा महिन्याचा ग्राफ असा : पहिली रेषा न्यू जर्सीचा घाऊक व्यापार. ‘रेषा जोडा’ म्हणून दुसरी, न्यू जर्सीची वाहतूक, गोदाम आणि वीज-गॅस-पाणी पुरवठा यांची एकत्र मालिका, कोडात ४१ च्या जागी ४३. या मालिकेत हे सगळं एका मोटेत बांधलेलं आहे, त्यामुळे वीज कंपनीची माणसंही आत येतात, पण त्यांची संख्या फारशी हलत नाही. तिसरी रेषा तात्पुरत्या मनुष्यबळाची. ती मी देशाची घेते. मग तिन्ही रेषांचं एकक बदलून निर्देशांक करते, फेब्रुवारी २०२० बरोबर १००. आता हजारांचा फरक मध्ये येत नाही, नुसती चाल दिसते. एप्रिल २०२० मध्ये तिन्ही खाली आदळतात. नंतर वाहतूक-गोदामाची रेषा शंभराच्या बरीच वर निघून जाते आणि घाऊक व्यापार तिच्या मागे राहतो. तात्पुरत्या मनुष्यबळाची रेषा २०२२ च्या सुरुवातीला शिखर गाठते आणि मग लांबलचक उतरणीला लागते. ती उतरण माझ्या फोनवरच्या संभाषणांत मला आधीच ऐकू आली होती. एजन्सीवाले स्वतः फोन करून विचारायला लागले होते, माणसं हवीत का.

दुसरा ग्राफ भागाकाराचा. फ्रेडमध्ये दोन मालिका घेऊन ए भागिले बी असं सूत्र लिहिता येतं. न्यू जर्सीचा घाऊक रोजगार भागिले न्यू जर्सीचा एकूण बिगरशेती रोजगार, गुणिले शंभर. १९९० पासून ही टक्केवारी बघितली की कळतं की हे राज्य घाऊक व्यापाराचं म्हणून इतकं ओळखलं जातं तरी एकूण रोजगारातला या क्षेत्राचा वाटा हळूहळू कमी होत आला आहे. २६ एप्रिल १९५६ ला पोर्ट न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं आणि माल हाताळायची रीतच बदलायला लागली. त्या बंदराच्या सावलीत उभा राहिलेला हा धंदा आजही तेच करतो आहे : माल जास्त, प्रत्येक पॅलेटमागे हात कमी. हा ग्राफ मी आमच्या वरिष्ठांना दाखवते तेव्हा ते खर्चाबद्दल बोलतात. मला त्यात उरलेल्या प्रत्येक माणसावर वाढलेला भार दिसतो.

हंगामी फरकाबद्दल एक सूचना. कच्च्या मालिकेत जानेवारीत दरवर्षी खड्डा पडतो. सणासुदीची माणसं डिसेंबरअखेर जातात, त्यात नवीन काही नाही. म्हणून लगतच्या महिन्यांची तुलना करायची तर फरक काढलेली मालिकाच घ्या. पण ग्राफखालची टीपही वाचा. फ्रेडवरच्या काही राज्य आणि महानगर मालिकांत हंगामी फरक बीएलएसने नव्हे, सेंट लुइसच्या बँकेने स्वतः संगणकावर काढलेला असतो आणि तसं टिपेत स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन मालिकांत थोडा फरक आढळला तर गोंधळू नका. टिकाऊ आणि नाशवंत मालाच्या उपक्षेत्रांसाठी मी तर कच्चा आकडाच घेते आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघते. आमच्या कागदाच्या धंद्याला ४२४ ची मालिका एकूण घाऊक व्यापारापेक्षा कितीतरी जवळची आहे.

बाकीच्या सोयींबद्दल तक्रार नाही. ग्राफची लिंक एकदा सहकाऱ्यांना पाठवली की पुढच्या महिन्यात त्याच लिंकवर नवा आकडा आलेला असतो. एक्सेलमध्ये उतरवणं एका क्लिकचं, आणि एक्सेलसाठी वेगळं जोडसाधनही आहे, ज्याने माझा अख्खा तक्ता एका बटणावर ताजा होतो. मूळ बीएलएसच्या संकेतस्थळावर हेच आकडे मिळतात, पण तिथे रकाने निवडत बसावं लागतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकारी कामकाज बंद होतं तेव्हा मात्र जाहीर करायच्या तारखा कोलमडल्या आणि फ्रेडच्या हातात काही नव्हतं. मागून माल आला नाही तर दुकानात काय ठेवणार. त्या काळात माझ्याकडे फक्त डॉक आणि फोन होता.

फ्रेडवर जे मला हवं तसं मिळत नाही त्यासाठी दोन ठिकाणी मी स्वतः जाते. एक, न्यू जर्सीच्या श्रम खात्याकडच्या कपातीच्या पूर्वसूचना. एप्रिल २०२३ पासून राज्याचा नियम कडक झाला आहे. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला मोठी कपात करायची असेल तर ९० दिवस आधी सांगावं लागतं आणि नोकरीच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो. या सूचनांची यादी म्हणजे तीन महिने पुढचा ग्राफ. कुठलं गोदाम बंद होणार ते कळलं की आम्ही तिथल्या लोकांपर्यंत आधीच पोहोचतो. गेल्या खेपेला रात्रपाळीचे तीन चांगले जण असेच मिळाले. दुसरं, क्यूसीईडब्ल्यूचे काउंटीवार आकडे. मिडलसेक्स काउंटीत काय चाललंय आणि हडसन काउंटीत काय, हे राज्याच्या एका रेषेतून कळत नाही. रिकाम्या जागा आणि नोकरी सोडणाऱ्यांची राज्यवार आकडेवारी बीएलएस देतं, पण ती सगळ्या क्षेत्रांची मिळून. घाऊक व्यापाराची वेगळी नाही. माझ्या कामाला तीच सर्वांत जास्त लागली असती.

छोट्या कंपनीत हे काम करणाऱ्याला मी फ्रेड बेधडक सुचवेन. महागडी वर्गणी घेऊन हेच बीएलएसचे आकडे रंगीत करून देणाऱ्या सेवा मी दोनदा वापरून पाहिल्या. त्यांच्या ग्राफखाली टिपा नव्हत्या आणि जुन्या आवृत्त्या तर नव्हत्याच. ज्याला उद्याच्या शिफ्टला माणसं मिळतील का एवढंच जाणून घ्यायचंय, त्याने मात्र फ्रेडवर वेळ घालवू नये. त्याने एजन्सीला फोन करावा.

या फेब्रुवारीतही आमची बैठक झाली. घाऊक व्यापाराची रेषा शेवटच्या चार महिन्यांत पुन्हा खाली वाकली होती. मी तिन्ही रेषांचा ग्राफ लावला, शेजारी आल्फ्रेडवरून काढलेल्या मागच्या मार्चांच्या दुरुस्त्या ठेवल्या, आणि सांगितलं की एवढी वाक या मालिकेत याआधीही मार्चमध्ये सरळ झाली आहे. वरिष्ठांनी विचारलं, मग रात्रपाळीच्या त्या जागेचं काय करायचं? मी म्हटलं, जाहिरात द्या. दुसऱ्या दिवशी दिली.